पदरकाकूंची काळी साडी

पदरकाकू साडीच्या दुकानात शिरल्या की साडी मागायच्या नाहीत, आधी आरसा मागायच्या. गरियाहाटच्या त्यांच्या ठरलेल्या दुकानाचा म्हातारा मालक त्यांना बघताच स्वतः उठून आरसा पुसायचा आणि विचारायचा, "बौदी, एबार कार बिये?" म्हणजे, वहिनी, या खेपेला लग्न कुणाचं? लग्न दर खेपेला दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं. आमच्या कोलकात्यातल्या मराठी घरांचं गणितच तसं. बाप बदलीच्या नोकरीत, पोरगी पुण्याला नाहीतर बंगळूरला, लग्न चार महिन्यांवर आणि आईला बनारसी आणि पैठणी यांतला फरक सांगता येत नाही. मग डमडमला काकूंकडे फोन जायचा. काकू मेट्रोने कालीघाटला उतरायच्या, तिथून रिक्षाने दुकानात, आणि मग नवऱ्या मुलीचे शालू एकामागून एक स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या राहायच्या.

साडीचं अंग त्या बघायच्याच नाहीत. "अंग काय गं, सगळेच विणतात. विणणाऱ्याचा जीव पदरात असतो," म्हणायच्या. पदर उलटा करून मागचे धागे बघायच्या, नाकाला लावायच्या, खांद्यावर टाकून दोन पावलं चालायच्या. म्हणून त्या पदरकाकू. हे नाव आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी ठेवलं होतं, आणि मला आधी वाटायचं की ते मायेने ठेवलंय.

स्वतः मात्र कायम फिक्या व्हॉइलच्या साडीत. त्या फिक्या साडीवर लालभडक शालू टाकून आरशासमोर उभी राहिलेली ती ठेंगणी बाई मी किती वेळा पाहिली असेन! माझ्या लग्नाच्या खरेदीला मी हट्टाला पेटले होते की शालू गुलाबीच हवा. काकूंनी तो निमूटपणे खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "फोटोत झकास दिसेल हो मनू. पण फोटोवाला जेवून घरी जातो, शालू तुझ्याकडे राहतो." मी हिरवा घेतला. पुढे जेव्हा जेव्हा तो नेसले, तेव्हा कुणीतरी विचारायचंच, कुठून आणलास म्हणून.

त्यांचं खरं कसब होतं अष्टपुत्रीत. गौरीहर पुजताना नवरीने नेसायची ती पिवळी, लाल काठांची साडी, द्यायची मामाने. आता इथे कोलकात्यात पिवळी अष्टपुत्री कोण ठेवतोय? आणि मामा बिचारा रजा मिळाली तर अक्षता टाकायला पोचणार. काकू इथलीच लाल काठांची पांढरी सुती साडी घ्यायच्या, बंगाली बायका पूजेला नेसतात ती, आणि डमडमच्या गच्चीत बादलीत रंग कालवून ती पिवळी करायच्या. काठाला रंग लागू नये म्हणून काठ दोरीने बांधून घ्यायच्या. डोक्यावरून विमानं जायची आणि काकू कोपरापर्यंत पिवळ्या. त्यांची लेक केतकी तेव्हा शाळेत होती. ती ओरडायची, "आई, तुझे हात बघून मुली हसतात गं!" काकू म्हणायच्या, "हसू देत. मामाचं काम करतेय मी."

बदल्यात काय मिळायचं? एक खण, एक नारळ, आणि "काकू, तुम्ही होतात म्हणून हो!" एवढं वाक्य. मुहूर्ताच्या वेळी त्या आत निऱ्या टाचत असायच्या आणि पंगतीत त्यांच्यासाठी पान राखून ठेवायचं कुणाला सुचायचं नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये काकू एकाच फोटोत आहेत, आणि त्यातही नुसता हात दिसतो, माझ्या निऱ्या धरलेला. मला तो फोटो बघवत नाही.

पण काकूंना याचं काही वाटायचं नाही, कारण त्यांचं लक्ष एकाच लग्नाकडे लागलेलं होतं. केतकीच्या. कपाटात सगळ्यात वरच्या खणात त्यांनी एक चंद्रकळा ठेवली होती. काळीभोर, लाल काठांची, अंगभर बारीक चांदण्या. केतकी लहान असतानाच त्यांनी ती येवल्याहून मागवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेने काळी साडी नेसायची, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे, हे आपल्याकडचं अप्रूप. दर वर्षी संक्रांत आली की काकू ती साडी गच्चीत काढायच्या, ऊन दाखवायच्या, लवंगा बदलून पुन्हा ठेवायच्या. लहानगी केतकी ती अंगाला गुंडाळून गच्चीभर मिरवायची आणि विचारायची, "माझीच ना गं?" काकू म्हणायच्या, "तुझीच. बाकी शालूबिलू कसले का असेनात, तुला हिच्यात बघितलं की मी सुटले."

केतकीचं लग्न ठरलं तिच्याच ऑफिसातल्या बंगाली मुलाशी. काकूंची काही तक्रार नव्हती. उलट त्या हरखल्या होत्या, की आता दुकानदाराने विचारलं की सांगता येईल, माझ्या लेकीचं लग्न आहे हो! पण कसलं काय. खरेदी बाईसाहेबांनी सासूबरोबर आणि कुठल्याशा स्टायलिस्टबरोबर परस्पर उरकली. हळदीला एक, संगीताला एक, लग्नाला लाल बनारसी, स्वागत समारंभाला घागरा. आईला व्हॉट्सॲपवर फोटो. काकू माझ्याकडे मोबाइल घेऊन आल्या, फोटो मोठा करून करून बघत होत्या. "मनू, यात पदर कुठे दिसत नाही गं." मी म्हटलं, "काकू, तो घागरा आहे." त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "छानच आहे. तिला आवडलाय ना, झालं तर." अष्टपुत्री त्यांनी रंगवून ठेवली होती, गौरीहराला वेळ नाही म्हणून ती तशीच राहिली.

उरली होती एकच गोष्ट. बंगाल्यांत स्वागत समारंभाच्या दिवशी मुलीकडून सजवलेली ताटं जातात, साड्या, मिठाई, अख्खा मासासुद्धा. ती ताटं काकूंनी आणि मी मिळून सजवली. लग्न अगहनातलं, म्हणजे मार्गशीर्षातलं, संक्रांत महिन्या-सव्वा महिन्यावर आलेली. शेवटच्या ताटात काकूंनी चंद्रकळा ठेवली आणि वर हलव्याच्या दागिन्यांचा डबा. सगळा जन्म त्यांनी पुण्या-नागपूरच्या घरांत जाणारे रुखवत भरले. सगळ्यात शेवटी काळी साडी ठेवायची, ही हाताची सवय. इतकी वर्षं या शहरात राहिलेल्या बाईला ठाऊक नव्हतं का, की इथे नव्या नवरीला काळं देत नाहीत? ठाऊक होतं. मलाही होतं. पण त्या घडीला आम्हा दोघींच्याही मनात ते आलं नाही, इतकी ती साडी आम्हाला शुभ वाटत होती.

बालीगंजला केतकीच्या सासरी ताटं उघडली. मुलाच्या मावशीने चंद्रकळा दोन बोटांनी उचलली. "नव्या सुनेला काळं?" मावशीने बंगालीत विचारलं. सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही हसेल, सांगेल, अहो मावशी, आमच्याकडे संक्रांतीला असं असतं. एक वाक्य पुरलं असतं हो! केतकी म्हणाली, "मला काही कल्पना नाही. आईचा काहीतरी घोळ झालाय."

काकू झटकन पुढे झाल्या. "हो हो, चुकून आली. माझीच आहे ती," म्हणाल्या, आणि चंद्रकळा मावशीच्या हातातून घेऊन आपल्या कापडी पिशवीत कोंबली. उभ्या आयुष्यात त्यांनी साडी कोंबलेली मी पाहिली नव्हती. परत येताना टॅक्सीत त्या एवढंच बोलल्या, "घडी मोडली गं."

पहिल्या संक्रांतीला तरी पोरगी माहेरी येऊन नेसेल, या आशेवर काकूंनी हळदीकुंकू ठेवलं. केतकीचा दुपारी फोन आला, आज सासरी पिठे, म्हणजे तांदळाची गोड पक्वान्नं करतात, जमणार नाही. ज्यांच्या पोरींचे शालू काकूंनी खांद्यावर वागवले, त्या बायका तिळगूळ आणि वाण घेऊन जिना उतरताना म्हणत होत्या, "जगाला नेसवलं, स्वतःच्या पोरीला नाही नेसवता आलं." जिना अरुंद, काकू दारात उभ्या. ऐकू गेलंच असणार. पुढच्या वर्षी काकूंनी कुणालाच बोलावलं नाही. साडीला ऊन मात्र दाखवायच्या. दर संक्रांतीला केतकीला फोन करायच्या, "येतेस का गं?" आणि दर वर्षी मला सांगायच्या, "कामात असते गं ती. पुढच्या वर्षी येईल."

गेल्या पावसाळ्यात काकू वारल्या. सवाष्ण म्हणून हिरवी साडी नेसवायची, तर कपाटात व्हॉइलच्या फिक्या साड्यांशिवाय काही सापडेना. शेवटी मी माझा लग्नाचा शालू आणला. काकांनी नको नको म्हटलं, पण मी ऐकलं नाही. तो त्यांनीच निवडलेला होता आणि त्यांच्या खांद्यावर तो माझ्याआधी पडला होता. त्याच दिवशी केतकीने वरच्या खणातली चंद्रकळा काढून पिशवीत घातली.  

या संक्रांतीला मोबाइलवर, मंडळाच्या ग्रुपात, केतकीचा फोटो आला. चंद्रकळा नेसलेली, गळ्यात हलव्याचा हार, मागे बालीगंजची बाल्कनी, खाली लिहिलेलं, "आईची शेवटची आठवण." पदर उलटा घेतलाय, मागचे धागे वर आलेत, आणि एवढ्या माणसांत एकालाही ते दिसू नये! मंडळातल्या बायकांनी बदामांचा पाऊस पाडलाय. प्रत्येकीचं एकच पालुपद: काकू आज असत्या तर किती सुखावल्या असत्या!

असत्या तर? अहो बायांनो, होत्या की! इतक्या संक्रांती होत्या, डमडमला, मेट्रोने पाऊण तासावर, साडीला ऊन दाखवत.