मॅग्नमची बारूद आणि आमचे साडभाऊ

मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या गोळीत कोणती बारूद भरावी हे छातीठोकपणे सांगू शकेल असा सगळ्या वऱ्हाडात एकच माणूस आहे, आणि त्याने जन्मात रिव्हॉल्व्हर हातात धरलेलं नाही. हा माणूस माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. तेल्हाऱ्याकडे त्यांची कपाशी-हरभऱ्याची काळी जमीन आहे, आणि घरात वडिलांच्या वेळची, रानडुकरं हाकलायला परवान्यावर घेतलेली भरमार बंदूक आहे. नळीच्या तोंडातून बारूद ठासायची, ती. पण साडभाऊंचा जीव अडकलेला असतो मोबाइलमध्ये. तिकडे अमेरिकेत लोक घरच्या घरी गोळ्या भरतात म्हणे, आणि कोणती पूड सरस यावरून एकमेकांच्या उरावर बसतात. साडभाऊ ते सगळं वाचतात. आपल्याकडे असलं काही केलं तर सरळ आत जावं लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "कराचं कोनाले हाय? समजून घ्याले काय पैसे पडते?" असं ते विचारतात, आणि मी मान डोलावतो. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

बारूद दोन जातींची, असा त्यांचा सिद्धान्त. एक घाईची, ती एकदम भडकते. दुसरी सबुरीची, ती गोळीला दमादमानं ढकलत नेते. मॅग्नमला सबुरीचीच पायजे. माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली आहे. माझी बायको घाईची. त्यांची बायको, जिला आम्ही अक्का म्हणतो, सबुरीची, पण दाब भयंकर. "आणि मी?" असं मी एकदा मोठ्या आशेनं विचारलं. "तुमी? तुमी ओली, भाऊ," ते अगदी प्रेमानं म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. रात्री बायकोला सांगितलं, तर तिने साडभाऊंच्या अभ्यासाचं पहिल्यांदाच कौतुक केलं.

घरात चहाची पूडसुद्धा ते सोनाराच्या काट्यावर तोलतात. बाहेर पाहुणे ताटकळतात, आत हे दाणा बारीक की जाड ते बोटांनी चाचपत बसतात. "यांच्या चहाची वाट पाहता पाहता मानूस घरी जाऊन जेवून येते," असं अक्का म्हणते. अकोल्यात परवान्याचं दुकान आहे, तिथे भरमारीची बारूद मिळते. ती एकाच प्रकारची असते. तरी साडभाऊंना निवडायला अख्खी दुपार लागते, आणि शेवटी "आज माल बरोबर नाई" म्हणून रिकाम्या हातानं परत येतात. दुकानदार तेवढं पाणी पाजतो.

या संगतीत मीही पंडित झालो. चांदूर बाजारला एका लग्नाच्या पंगतीत मी बारुदीवर असं काही बोललो की वाढपी थांबून ऐकू लागले. शेजारी बसलेल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी साधा एक प्रश्न विचारला, तसा मी "कढी आणतो" म्हणून उठलो तो थेट अमरावतीला घरी.

तर झालं असं, की निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि ती संपल्यावर साडभाऊ बंदूक सोडवायला निघाले. सोबत मी. त्यांना ठाण्यात एकटं जायला आवडत नाही, मला कुठेच एकटं जायला आवडत नाही. ठाणेदार नवे होते, पोरसवदा, पण सभ्य. नळीत डोकावून म्हणाले, "काका, ही शेवटची कधी वाजवली?"

"बाबा होते तवा. मी तं कधीच नाई," साडभाऊ खरं तेच बोलले.

"मग ठेवता कशाला? परवाना राखणीसाठी आहे. राखण होत नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी मला तसंच लिहावं लागेल. मग बंदूक जमा."

बाहेर आल्यावर साडभाऊंना धड चप्पल सापडेना. "बुढ्याची निशानी हाय हो ते," म्हणाले. वडिलांना ते लाडानं बुढाच म्हणायचे. "ते गेली तं काय राह्यलं?"

म्हणून आम्ही डुकरांवर एक बार काढून राखण करून दाखवायचं ठरवलं. मी नवे गमबूट आणि टोपी घालून शिकाऱ्यासारखा शेतात उतरलो आणि ठिबकच्या नळीत पाय अडकून हरभऱ्याच्या पहिल्याच ओळीत उपडा पडलो. दिवस मावळता मावळता धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, डुकरं आली, खुशाल हरभऱ्यात शिरली. साडभाऊंनी या खेपेला दुकानातून कशीबशी आणलेली पुडी उघडली, वास घेतला, बंद केली. पुन्हा उघडली. माझा संयम सुटला. "अहो, हरभरा खाऊन ती ढेकर देतील, तुमचं ठरणार कधी?"

बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी एक लहानशी डबी काढली, झाकणावर मेण लावलेलं. "हे बुढ्यानं आपल्या हातानं वाळवून ठेवली होती. एकाच बाराची हाय. याच्या तोडीची दुसरी भेटते का, तेच पाहून राहिलो होतो इतके वर्सं. भेटली असती तं हे वाचली असती."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. साडभाऊंनी मेण फोडलं, डबी नळीत रिकामी केली, मन लावून ठासली, आणि आभाळाकडे बार काढला. डुकरं एकीकडे पळाली, मी दुसरीकडे. काळ्या मातीतून तोंड वर काढलं तेव्हा साडभाऊ धुरात डोळे मिटून उभे होते, मोठमोठे श्वास घेत. धूर पार विरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

बार काढल्याची खबर ठाण्यात दिली, परवाना राहिला. बंदूक खुंटीवर आहे. पण त्या दिवसापासून साडभाऊंनी बारुदीचं नाव काढलेलं नाही. मला हे सोसेना. परवा मी स्वतः मोबाइलवर डोळे फोडून एका नव्या बारुदीची माहिती काढली आणि एखादं स्थळ सांगावं तशी त्यांना सांगितली: किती सबुरीची, किती गुणी, मॅग्नमला कशी शोभेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगली असन," म्हणाले. "तुमी वाचत जा, भाऊ. मले आता शोधाचं काही राह्यलं नाई."