पाच रिकाम्या चौकटी

"पोरगी वाचत नाय हो सर, नुसती जागा सोडती."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून मामांचा आवाज आला. मामा आमच्या त्रैमासिकाची अक्षरजुळणी करतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यांच्यासमोर सर, म्हणजे संपादक, चहात बिस्किट बुडवत बसलेले असणार. पार्टिशनच्या अलीकडे मी, पानांची मांडणी करणारी. मी जेवायला गेले आहे असा दोघांचा समज होता. मी इतकी कमी बोलते, की खोलीत असले काय आणि नसले काय, कुणाच्या लक्षात येत नाही.

"शिकेल," सर म्हणाले. "इंग्रजी शाळेतली आहे."

"त्येच तर. माणूस अंक घेतो ते वाचायला. कोरा कागद बघायला घेतो व्हय?"

मी माऊससुद्धा हलवला नाही.

मामांचं सगळंच चुकत होतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका लेखाचं शीर्षक इंग्रजी मासिकांत करतात तसं अक्षरं लांब लांब ठेवून लावलं होतं. मामा मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, मोळी सुटली." खरंच सुटली होती. वरची रेघ जागोजागी तुटून प्रत्येक अक्षर भावकीत भांडण झाल्यासारखं वेगळं उभं होतं. मी गुपचूप सगळ्यांना परत जवळ आणलं. तेव्हापासून शिरोरेषेच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा.

शीर्षकांमागच्या सावल्यांच्या बाबतीत मात्र नाही. आमच्या अंकात प्रत्येक शीर्षकाला लाल रंग आणि त्याच्यामागे काळी सावली असायची. वाद घालणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दर अंकात दोन-तीन सावल्या कमी करत गेले. कुणी काही बोललं नाही. सगळ्या संपल्या तेव्हा सर अंक उलटापालटा करून म्हणाले, "वाळूजच्या प्रेसची छपाई सुधारली बरं का."

मी मान हलवली.

पण 'भरती'पुढे माझी मात्रा चालेना. मामांच्या कॉम्प्युटरवर या नावाचं एक फोल्डर आहे. त्यात चारोळ्या, सुविचार, विनोद आणि केळी खाण्याचे फायदे. गोष्ट पानाच्या मध्यावर संपली की उरलेल्या जागेत मामा यातलं काहीतरी टाकतात. चार बोटं जागासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कागद वाया गेला की त्यांना ताटात अन्न टाकल्यासारखं वाटतं.

मागच्या अंकात कन्नड गावच्या एका बाईंची पहिली गोष्ट होती. आई गेल्यावर मुलगी तिचं लुगडं घडी घालून पेटीत ठेवते, एवढ्यावर ती संपते. त्याच्या खाली मामांनी कंगवा विकत घ्यायला गेलेल्या टकल्या माणसाचा विनोद टाकला होता. बाई एसटीने अंक न्यायला आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी आपलं शेवटचं वाक्य वाचलं. मग नजर खाली गेली आणि टकल्या माणसाचंही वाचून झालं. "छान झालाय अंक," त्या सरांना म्हणाल्या. पदराने मुखपृष्ठ पुसून त्यांनी तो पिशवीत ठेवला. सर आणि मामा पाकिटांवर पत्ते चिकटवत होते. बघत फक्त मी होते.

या वेळी बाईंनी दुसरी गोष्ट पाठवली. ती शेवटच्या पानाच्या मध्यावर संपली, खाली अर्धं पान कोरं. मी छावणीतल्या घरापासून औरंगपुऱ्यापर्यंत स्कूटीवर एकच वाक्य घोकत आले : मामा, इथे काही टाकू नका. ऑफिसात पोचले आणि म्हणाले, "मामा, चहा घेणार?"

चहा पिताना मला आठवलं की मामा एका गोष्टीला हात लावत नाहीत : जाहिरात. जाहिरातीची चौकट दिसली की ते चप्पल बाहेर काढून आल्यासारखे तिच्या कडेकडेने जातात. मी गोष्टीखाली बारीक रेघेची चौकट आखली आणि आत लिहिलं : 'जाहिरात. मजकूर येणे बाकी.' मामा आले, वाचलं आणि पुढच्या पानावर गेले.

इथेच थांबायला हवं होतं. पण मला चटक लागली. एका कवितेखाली एक, एका मुलाखतीनंतर एक, असं करत पाच चौकटी झाल्या.

पानं तपासताना सर खूश. "मामा, पाच जाहिराती? आणि बोलला नाहीत."

मामांनी चष्मा पुसला. "चालायचंच," म्हणाले. त्यांना वाटलं, जाहिराती सरांनीच आणल्यात आणि श्रेय मोठेपणाने आपल्याला देतायत. ते श्रेय मामांनी दोन दिवस अंगावर घेऊन मिरवलं. मलाही उपदेश झाला. "मॅडम, जाहिरात आणायची म्हंजी माणसं जोडावी लागत्यात. असं तोंड शिवून भागत नाय."

"हो मामा," मी म्हणाले. मला वाईट वाटलं. फार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेसचा फोन आला. पानं आजच पाठवा, जाहिरातींचे मजकूर कुठे आहेत?

"मामा, द्या," सर म्हणाले.

"मी कुठून देऊ? तुम्हीच आणल्या ना?"

"मी? मला वाटलं तुम्ही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मग मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग तर लईच सोपं. भरती टाकतो. चहा येईपर्यंत उरकतंय."

त्यांनी कन्नडच्या बाईंचं पान उघडलं. फोल्डर उघडलं. यादीत सगळ्यात वर कंगवा घ्यायला गेलेला तोच माणूस होता. त्यांनी तो उचलला आणि चौकटीवर आणून धरला.

"मामा, थांबा."

आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. दोघांनी असं वळून बघितलं, जसा काही प्रिंटर बोलला. आता मागे फिरायला जागा नव्हती. मी उभी राहिले.

"जाहिराती कुणीच दिल्या नाहीत. चौकटी मी आखल्या," मी म्हणाले. "मी वाचते मामा. हळू वाचते. ही एक गोष्ट वाचायला मला दीड दिवस लागला. तेवढं करून शेवटाला पोचल्यावर लगेच टकल्या माणसाला भेटायची ताकद राहत नाही माझ्यात. मागच्या वेळी त्या बाईंमध्येही नव्हती, मी बघत होते. चौकट पाहिजे तर काढा. खाली काही टाकू नका."