घाटातल्या दगडापुढचा नारळ

भोकरदनहून खानदेशात उतरताना घाटाच्या वळणावर इंग्रजांच्या काळातला एक स्मारकाचा दगड आहे. वडील दर खेपेला तिथं गाडी थांबवायला लावतात, चप्पल काढतात, दगडाला शेंदूर लावून नारळ फोडतात. यंदा माझी मास्तरकी उसळली. नखानं शेंदूर खरवडून मी खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचून दाखवली. म्हटलं, "बाबा, हा देव नाही. हा रस्ता करताना मेलेला गोरा साहेब आहे."

"माहीत हाय मला," ते शांतपणे म्हणाले. "माझा आजा बी ह्याच रस्त्याची खडी फोडता फोडता दरडीखाली गेल्ता. त्याच्या नावाचा दगड कुणी बसवला न्हाई. मंग मी नारळ कुठं फोडू?"

मी त्यांच्या हातातली शेंदराची डबी घेतली आणि साहेबाचं नाव पुन्हा झाकून टाकलं.