वाळूच्या दगडाची निळी काच

माझी शाळा चौथीपर्यंतची. पण दगडाची काच घासण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बेंगळुरात कोणी नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. दगडाचा काप काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा जन्म त्यातच गेला.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर भूशास्त्र शिकणारी नात एकदा हेब्बाळच्या आमच्या घरी आली, ती रिक्षात सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊनच. सोबत वाळूच्या दगडाचा एक काप, पट्टीवर चिकटवलेला. तिच्या प्रबंधातल्या, बोअरमधून निघालेल्या एका थराचा एवढाच उरला होता. कापून राहिलेली नखाएवढी चकती होती, पण तिला मधोमध तडा. आधी कॉलेजात यंत्रावर काच केली, तर कण उखडून नुसती भोकं राहिली.

"भोकं तर भोकं," मी म्हणालो. "उरलेले मोज."

"तिथंच फसगत आहे, आज्जा. गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण चिवट, ते राहतात. फेल्डस्पार हे खनिज ठिसूळ, ते आधी सुटतं. उरलेले मोजले तर सगळी गारच दिसणार. म्हणजे वाळू जुन्या, सपाट, झिजलेल्या मुलखातून आली असं म्हणायचं. मला वाटतं जवळच डोंगर वर उचलला जात होता, तिथून ती घाईनं खाली आली. सर म्हणतात, सोमवारी धड काच दाखव, नाहीतर हा थर प्रबंधातून काढ. तो काढला तर माझ्याकडं बोलायला राहतं काय?"

काप निळा दिसत होता. रंगवलेल्या रेझिनमध्ये, म्हणजे पातळ डिंकासारख्या रसात भिजवला होता म्हणे.

"बेंदराच्या सणातल्या बैलासारखा रंगवलास कशाला?"

"दगडातली मूळची पोकळी निळी दिसते. घासताना कण उडाला तर तिथं नुसतं भोक, निळं नसतं."

म्हणजे माझ्या हातावर पहारा. बाल्कनीत जाड काच मांडली, पाण्यात बारीक कुरुंदाची पूड कालवली आणि बसलो.

घासताना मधेच पट्टी धुवायची, दोन काळ्या पोलरॉइड तुकड्यांमध्ये उजेडाकडे धरायची; त्यात रंगावरून जाडी कळते. गार पिवळी, तांबूस दिसली की अजून जाड. फिकट राखाडी झाली की थांबायचं. त्यापुढं दोन-चार फेरे जास्त झाले की काचेवर दगडच राहत नाही.

"आज्जा, आता बस."

"पिवळट आहे अजून."

"स्वल्प पिवळट चालतं."

"तुला चालत असेल."

ती माझ्या खांद्यामागं उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी बोटांचा जोर कमी केला आणि फिरवत राहिलो. तेवढ्यात बोटाखाली कर्र झालं. दोघांनीही ऐकलं. मी पट्टी उचलली, धुतली, तिच्या हातात दिली.

जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होतं. ती डोळा लावून बसली. नुसती पट्टी सरकवत होती.

"इथं एक भोक आहे," ती म्हणाली. "निळं नाही."

"तुमच्या करवतीनं उडाला असेल."

"नाही, आज्जा. पण बाकीचे जागेवर बसलेत. बघ ये."

मी पाहिलं. राखाडी गारांमध्ये लुंगीच्या चौकड्यांसारखे कण, कोपरे शाबूत. तो फेल्डस्पार. लांबून वाहत आला असता तर वाटेतच झिजून, सडून गेला असता, असं ती म्हणाली. मग ती संध्याकाळपर्यंत मोजत बसली. ते एक भोक सोडून. फेल्डस्पार भरपूर निघाला. थर प्रबंधात राहणार होता.

मी तड्याची चकती उचलली. "दुसरी काच करून देतो. यात एकही कण जाणार नाही."

"ती फुटेल. आणि उत्तर आलंय की."

"तुझं आलं."

ती हसली, काच डबीत ठेवून रिक्षात बसली. चकती मागायला विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पूड कालवली.