खोली पुसण्याआधी

परवा रात्रभर झोप नाही. मूल आजारी नव्हतं, नवऱ्याशी भांडण नव्हतं. कारण काय, तर दोन ओळींचा कोड! बाकीच्या आया मुलांच्या दातांची काळजी करतात, मी फोल्डरची करते. आमच्या कामातल्या अशा काळज्यांचेच पुढे किस्से होतात, आणि आता ते इतके साठलेत की सांगून टाकलेले बरे.

गेवराईत बियाण्याच्या दुकानावर आमचं तिघांचं ऑफिस. टीमलीड नितीनदादा, शबाना आणि मी. लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका डिस्ट्रोचं, म्हणजे आवृत्तीचं, बिल्ड टूल आम्ही सांभाळतो. हे टूल सॉफ्टवेअर बनवायला मशीनमध्येच एक तात्पुरती, कोरी खोली उभारतं. लागेल ते बाहेरचं फोल्डर तिला जोडतं, म्हणजे माउंट करतं. काम झालं की खोली पुसून टाकतं. पुसण्याआधी जोडणी निघाली नाही, तर बाहेरचं खरं फोल्डरही साफ!

*

हे आम्हाला नितीनदादाच्या कृपेने कळलं. त्याने स्वतःचं अख्खं होम फोल्डर जोडलं, विसरला, आणि खोली पुसली. लग्नाचे सगळे फोटो गेले! घाबरत घाबरत घरी फोन केला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "फोटोच गेले नव्हं? मला वाटलं, लग्न बी पुसलं!"

*

एकदा शबानाची जोडणी निघेचना. मशीनचं एकच पालुपद: बिझी, बिझी. अर्धा तास तिने शोधलं, आत कोण बसलंय? शेवटी सापडलं. तिचीच दुसरी टर्मिनल विंडो त्या फोल्डरमध्ये उघडी!

नितीनदादा म्हणाला, "सतरंजीवर बसून सतरंजी वढायलीस, अन् म्हणतीस कावून निघंना!"

*

माझी तऱ्हा वेगळी. भीतीपोटी मी एकदा सगळंच रीड-ओन्ली, म्हणजे नुसतं वाचण्यापुरतं, जोडलं. कुणी काही पुसूच नये! टूलने तासभर राबून पॅकेज बनवलं आणि ते ठेवायलाच जागा नाही.

"ताई," नितीनदादाने हात जोडले, "डब्याला कुलूप लावून भाकरी ठिव म्हनतीस व्हय?"

*

सासूबाई उमापूरच्या. "तुजं काम तरी काय गं?" म्हणून विचारलं. मी खोली, जोडणी, पुसणं, सगळं समजावलं.

"म्हंजी खोली झाडताना घरातलं सामान फेकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढ्याला इंजिनियर लागतोय?"

*

तर माझ्या त्या दोन ओळी. पहिली: जोडणी काढ. दुसरी: खोली पुसून टाक. दादाने पास केल्या, शबानाने पास केल्या, सोमवारी त्या हजारो लोकांच्या मशीनवर जाणार. तरी मन खातंय. काहीतरी राहिलंय, पण काय? की मी आपली उगाच?

रविवारी दुपारी पाहुणे यायचे होते. माझ्या चार वर्षांच्या ओवीने हॉलच्या मधोमध दोन खुर्च्यांवर चादर टाकून घर केलेलं, आणि आत तिच्या आजी, म्हणजे सासूबाई, आडव्या.

"ओवी, घर मोडायचंय. आजीला बाहेर बोलव."

"आजीऽऽ, बाहेर ये!"

आतून फक्त घोरणं. मी चादरीचं टोक धरलं. "मारलीस ना हाक? चल, मोडते आता."

ओवीने माझा हात घट्ट धरला.

"हाक मारली गं. पन आजी बाहेर आली का, ते बघितलं का तू?"