रम्याचं अंगावरचं दूध

कावेरीला कुणी हसलं की तीही त्यांच्याबरोबर हसायची. ती आमच्या घरात आल्यापासून मी हे बघत आले आणि चिडत आले. मी तिची थोरली जाऊ, रत्नाबाई. सासूबाई गेल्यावर चामराजपेटेतल्या आमच्या तीन खोल्यांत माझाच शब्द चालतो. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं कानडी मुलखात आले म्हणतात. घरात अजून मराठी आहे, पण तिच्यात निम्मी कानडी कालवलेली. कावेरीचा नवरा शंभूराज, माझा धाकटा दीर, व्हाइटफील्डच्या ऑफिसांची कॅब चालवतो आणि घरी फक्त झोपायला येतो. कावेरी दाराशी शिलाई मशीन टाकून फॉल-पिको करते, ब्लाउजांना हुक लावते.

तिला सात वर्षं मूल नव्हतं. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी सहावा महिना होता. बाळ गेलं आणि तिसऱ्या दिवशी हिला दूध आलं. ब्लाउज भिजायचा, ती बदलायची, पुन्हा भिजायचा. मग रम्या झाली, आणि तिला पाजायला बसली की कावेरी जगाला विसरायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी म्हणायची, "स्वल्प थांबा हं, पोर पितंय."

एक वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली. रम्या आता बोलायला लागली होती, भांडायला लागली होती, मला दोड्डम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणून हाका मारत घरभर फिरायची. आणि दमली की आईच्या पदराखाली शिरायची. लसीच्या वेळी मी मुद्दाम डॉक्टरीणबाईंना विचारलं, वाटलं आता त्या रागावतील तेव्हा तरी ही ऐकेल. त्या म्हणाल्या, "जेवते ना नीट? मग दोघींना हवंय तोवर चालू दे." मला डॉक्टरीणबाईंचाच राग आला.

समाजाच्या हॉलमध्ये एका बारशाला गेलो होतो. रम्या पावणेचार वर्षांची. पंगत बसायच्या आधी ती कंटाळली आणि कावेरी खांबाआड तिला घेऊन बसली. बायकांना तेवढंच हवं होतं. "काय गं कावेरी, हिच्या लग्नात अक्षता पडताना पण पाजणार काय?" कावेरी हसून म्हणाली, "तिला तेव्हा आठवलं तर बघू की." सगळ्या खिदळल्या. मीसुद्धा. ज्या मावशीनं हे विचारलं, तीच आपल्या नातवाचं सांगत होती, की पाच वर्षं आईचं प्यायला म्हणून बघा कसा दणकट आहे. तो नातू होता आणि ही पोरगी, एवढाच काय तो फरक. तो मला तेव्हा कळला होता. तरी मी हसत पंगतीला जाऊन बसले.

रम्याला एलकेजीला घातलं. शाळा साडेबाराला सुटायची. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून कावेरी तिला पाच मिनिटं घ्यायची आणि मग दोघी चालत घरी यायच्या. कुणाच्या तरी बापानं पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, की लहान मुलांच्या डोळ्यांसमोर हे काय चाललंय. दुसऱ्यानं हात जोडल्याची चित्रं टाकली, तिसऱ्यानं तोंड दाबून हसणारी. ज्यानं लिहिलं त्याच्या स्वतःच्या पोराचा शर्ट तोंडातल्या बाटलीच्या दुधानं रोज भिजलेला असायचा. शाळेनं बोलावलं, मी बरोबर गेले. मिस वयानं कावेरीपेक्षा लहान होती. मराठी तिला येत नव्हती, कानडीत म्हणाली, "नाल्कु वर्षा आयतल्लम्मा." चार वर्षं झाली की हो, अम्मा. आणि पुढं म्हणाली, मुलगी मागं पडेल, दुसरी मुलं चिडवतील. कावेरी इथंही हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

परत येताना रस्त्यात ती मला म्हणाली, "अक्का, मी कायमचं थोडीच पाजणार आहे? ती सोडेल तेव्हा सोडू दे. एवढंच द्या मला. आपण होऊन सोडू दे."

मी म्हणाले, "लोक शेण घालतायत तोंडात आणि तुला एवढंच हवंय?"

आता खरं सांगते. लोकांचा राग मला होताच, पण दुसरंही काही होतं. माझा अभिराज आठ महिन्यांचा असताना मी गारमेंट फॅक्टरीत लागले. दहा तास शर्टांच्या कॉलर शिवायच्या. दूध वाहून पोटापर्यंत यायचं, सुपरवायझरला दिसू नये म्हणून मी पदराची घडी छातीशी दाबून धरायची. घरी सासूबाईंनी त्याला बाटलीवर घातला. तो दोन आठवड्यांत मला विसरला. कावेरीला चार वर्षं मिळाली आणि तिला अजून हवं होतं. मला ते बघवत नव्हतं. मत्सरच तो, दुसरं नाव नाही.

दूध तोडायची आमच्या घरची रीत ठरलेली. शुक्रवारी सकाळी आईनं न्हायचं, कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा आणि वर ओलं कुंकू, म्हणजे पोराला रक्त वाटावं. मग सांगायचं, आईला बाऊ झालाय. सासूबाईंनी असंच केलं, त्यांच्या सासूनं असंच केलं. पण त्या सगळ्यांनी केलं ते दीड-दोन वर्षांच्या पोरांना. कडू लागलं की पोर चार दिवस रडतं आणि विसरतं. चार वर्षांचं पोर ऐकतं, लक्षात ठेवतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच आठवड्यात शुक्रवारी मी पाला वाटला. मीच लावला, वर कुंकूही. कावेरी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तिला हात वर करून मला अडवायचं होतं, पण मोठ्या जावेला अडवायची सवय तिला नव्हती.

रम्या उठून आली, पदर बाजूला केला आणि थांबली.

मी म्हणाले, "बघ. तू चावलीस ना, म्हणून रक्त आलं. बघ आई कशी रडतेय."

रम्या रडली नाही. तिनं आपलं तोंड मिटलं, ओठ आत ओढून घेतले आणि मागं मागं सरत दारापर्यंत गेली. पुन्हा तिनं दूध मागितलं नाही. एकदाही नाही. मी गल्लीत सांगत फिरले की बघा, एका दिवसात सुटलं.

कावेरीची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. दूध आटावं म्हणून इथं बायका छातीला मोगरा बांधतात. मी रोज मार्केटातून दोन हात गजरा आणायची, तिच्या ब्लाउजच्या आत बांधायची, संध्याकाळपर्यंत कळ्या पिवळ्या पडायच्या. रम्या लांबून बघायची. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, घावावरचं औषध. एका खोट्याला दुसरं जोडलं.

शाळेत तिला हातावर तारा मिळाला. मिस म्हणाली, किती शहाणी झाली. बायका म्हणाल्या, आता कशी वळणावर आली. पण घरात काय चाललंय ते मला दिसत होतं. रम्या आईच्या हातचा घास घेईना. माझ्या हातचा घ्यायची, बापाच्या हातचा घ्यायची. कावेरीनं बोटं पुढं केली की ओठ घट्ट मिटून ताट स्वतःकडं ओढायची. मला आधी वाटलं, रुसलीय. मग एकदा कावेरीनं फार आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, "दात लागतील." जवळ झोपली तरी पाठ करून झोपायची, एक हात तोंडावर. कावेरी मशीनवर बसलेली असली की मांडीवर चढणारी पोरगी आता दोन हात अंतरावर बसून दोऱ्याच्या रिकाम्या रिळांशी खेळायची. लहान गोष्ट नव्हती ही. कावेरी दिवसेंदिवस वाळत चालली. शंभूराजनं विचारलं तर म्हणायची, "काही नाही, झोप कमी पडते."

बनशंकरीच्या देवळात जाऊन मी मंगळवारी लिंबाच्या वाट्यांत दिवे लावून आले. देवीला काय सांगायचं तेच सुचेना.

दीड-दोन महिने गेल्यावर एका दुपारी कावेरीनं मशीन थांबवलं. मी मागं तांदूळ निवडत होते. तिनं रम्याला जवळ बोलावलं, ब्लाउजची हुकं काढली आणि म्हणाली, "बघ रम्या. काही नाही. घाव नाही, रक्त नाही. हात लाव."

रम्या बराच वेळ बघत राहिली. मग एक बोट लावलं. मग दुसरं. रम्या हळूच मांडीवर चढली आणि तोंड लावलं, इतकं सांभाळून की मला ते बघवेना. क्षणभरानं तिनं मान वर केली. तिला ओढता येत नव्हतं. पोरं महिन्याभरात ते विसरतात. आणि आलंही नसतं काही, सगळं आटून गेलं होतं, माझ्या गजऱ्यांनी.

"नाहीये," ती म्हणाली. "मी चावले म्हणून गेलं."

"नाही गं बाई, नाही," कावेरी तिला कवटाळून म्हणत होती, "तू नाही चावलीस, कधीच नाही," पण रम्या तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. तिला ते मी सांगितलं होतं, तर खरं काय तेही मीच सांगायचं होतं.

मी सूप खाली ठेवलं. आयुष्यात मी कुणापुढं चूक कबूल केलेली नाही, नवऱ्यापुढं नाही, पोटच्या पोरापुढं नाही. जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "रम्या, ते रक्त नव्हतं. कुंकू होतं. मी लावलं होतं. दोड्डम्मा खोटं बोलली. तू काही केलं नाहीस."

तिनं ते नीट ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून विचार केला. मग तिनं विचारलं, "मग आई खरंच का रडत होती?"

कावेरीनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्यामुळं, एवढंच सांगायचं होतं, आणि मी परत सूप उचललं. रम्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग आईच्या मांडीवरून उतरली आणि परत दोन हात लांब जाऊन बसली.