तिच्यासाठी केलेली दाढी

परवा मंडईजवळच्या दवाखान्यात हातावर सॅनिटायझर घेतलं आणि त्या वासानं मला करोनातली एक सकाळ आठवली. बायको हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती आणि मी वारज्याच्या घरात एकटा कोंडलेला. शेजारचे रिटायर प्राध्यापक त्यांच्या गॅलरीतून म्हणाले, "अहो, ते जुने स्टोइक विचारवंत सांगायचे, जे आपल्या हातात नाही त्यासाठी जीव जाळू नये." मी चौथी शिकलेला माणूस. म्हणालो, "सर, तुमची बायको आत पोहे करतीये. तुम्हाला सोपं आहे." ते हळूच म्हणाले, "खरंय. पण आज तुमच्या हातात काय आहे?" मी आत आलो. थोड्या वेळानं सिस्टर तिला व्हिडिओ कॉल लावून देणार होत्या. आरशात पाहिलं तर पांढरी दाढी वाढलेली, सुतकातल्या माणसासारखी. ती जिवंत असताना तिला हे तोंड दाखवायचं? माझी सटकलीच. गार पाण्यानं खसाखसा दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मास्कमागून ती कशीबशी म्हणाली, "अहो, हनुवटीखाली राहिलंय." मी म्हणालो, "घरी ये आणि दाखव कुठं ते." ती हसली. ते आमचं शेवटचं बोलणं. सर अजून विचारतात, मन शांत झालं का. मी सांगतो, नाही झालं आणि होणारही नाही. रोगानं तिला नेलं, पण तिला घाबरवायला त्याला माझं तोंड मिळालं नाही.